गुलशनाबादची सावली

गेल्या काही वर्षांत मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कविता लिहिणाऱ्या माणसाला लोक कवितेविषयी काही विचारत नाहीत, ते ठीकच आहे. पण माझ्या अंगणातल्या चार कुंड्या बघून लोक विचारतात, "आमच्या गॅलरीत ऊनच येत नाही. काय लावावं?" कुणी गंगापूर रोडला फ्लॅट घेतलेला असतो, कुणी इंदिरानगरला. समोर सात मजली इमारत उभी राहिलेली असते. नर्सरीतून हौसेनं आणलेला गुलाब दोन महिन्यांत काटक्या होऊन जातो. मग ते म्हणतात, "आमचा हातच चांगला नाही."

हाताचा काही दोष नसतो. गुलाबाला दिवसाला पाच-सहा तास ऊन लागतं आणि ते तिथं नसतं, एवढंच. सावलीत फुलणारी झाडं वेगळी. ती आपल्या नाशिकमध्ये शेकडो वर्षं होती. वाड्यांच्या चौकात होती, मोरीच्या कडेला होती, आडाच्या काठाला होती. वाडे गेले तशी तीही आपल्या डोळ्यांआड झाली. म्हणून 'काय लावावं' या प्रश्नाचं उत्तर मला जुन्या नाशिकपासून सुरू करावं लागतं. थोडा धीर धरून ऐका.

आपल्या शहराचं एक नाव गुलशनाबाद होतं. निजामशाही १६३६ मध्ये संपली आणि हा मुलूख मोगलांकडे गेला. मोगल अमलात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या नावाची नोंद आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, आणि विशेष करून गुलाब. 'गुलशन' म्हणजे फुलबाग. गुलशनाबाद म्हणजे फुलबागांनी वसलेलं गाव. अठराव्या शतकाच्या मध्यावर पेशव्यांचा अंमल पक्का झाला आणि नाशिक हे प्राचीन नाव पुन्हा कारभारात आलं.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पेशवाईतल्या नाशिकच्या टांकसाळीत जे रुपये पाडले गेले, त्यांच्यावर दिल्लीच्या बादशहाचं नाव आहे आणि गावाचं नाव फारसी लिपीत 'गुलशनाबाद' असंच आहे. अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाण्यांच्या अभ्यासकांना ही गोष्ट नवी नाही. म्हणजे माणसं नाशिक म्हणत होती, नाण्यावर गुलशनाबाद होतं, आणि त्या रुपयानं बाजारात भाजी येत होती. दोन्ही नावं एका खिशात सुखानं नांदली. हल्ली या नावाचा विषय निघाला की कुणी मान खाली घालतो, कुणी बाह्या सरसावतो. मला दोन्ही अनावश्यक वाटतं. गावाला असं नाव पडलं याचा अर्थ इथं फुलं होती आणि ती लावणारे हात होते. ते हात कुणाकुणाचे होते? माळ्यांचे होते आणि बागवानांचेही होते. आमच्या जुन्या नाशकात बागवानपुरा अजून आहे.

बागकामातले आपले शब्दच पाहा. 'माळी', 'रोप', 'कुंडी', 'फूल' हे इथले. 'बाग', 'बागायत', 'जिरायत' फारसी-अरबीतून आलेले. 'गुलाब' या शब्दाचा फारसीतला अर्थ तर फूल असा नाहीच. गुल आणि आब, म्हणजे गुलाबपाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं. 'गुलकंद' म्हणजे गुल आणि कंद, यातला कंद म्हणजे साखर. गुलमोहर, गुलछडी, गुलबक्षी, सगळ्यांच्या दारात हा 'गुल' उभा आहे. दिंडोरी तालुक्यातला शेतकरी आज पॉलिहाऊसमध्ये गुलाब घेतो आणि आपण बागायतदार आहोत असं सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडी चारशे वर्षांचा कारभार असतो. त्याला त्याचं काही वाटत नाही, आणि वाटूही नये.

आता सावलीकडे येऊ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हवा चांगली म्हणतात, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. जुन्या लोकांनी घरं बांधली ती उन्हाला पाठ करून. वाडा बाहेरून बंद आणि आतून उघडा. मधे चौक, चारी बाजूंना पडवी, मागे परसदार. आमच्याकडे पडवीला दालान म्हणतात, अंगणाला आंगन. नावं वेगळी, बांधणी तीच. चौकात ऊन येतं ते डोक्यावर आल्यावर, तेही तास-दोन तास. बाकी दिवसभर उजेड असतो पण ऊन नसतं. बागकामात याला फार किंमत आहे. काळोख वेगळा, सावली वेगळी. काळोखात फूल येत नाही. मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत मात्र फुलांची एक अख्खी जमात जगते, कारण ती मुळात जंगलातली आहे. मोठ्या झाडांखाली, पाचोळ्यात, ओढ्याकाठी वाढलेली. वाड्याच्या चौकात तिला आपलं रानच सापडायचं.

पाण्याचीही सोय होती. मोरीचं आणि भांडी घासल्याचं पाणी परसात सोडलेलं असायचं. तेव्हा भांडी राखेनं घासत. त्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि सोनटक्का पोसला जायचा. कुणी मुद्दाम पाणी घालत नसे. घर जगलं की बाग जगायची. पंचवटीकडचा वाडा असो की काझीपुऱ्यातलं घर, परसातली ही झाडं सारखीच असायची. तुळस तेवढी एका घरी असायची, सब्जा दुसऱ्या घरी, आणि तेही एकाच कुळातले.

एक-एक फूल घेऊ.

पहिलं मान अबोलीला. ही अस्सल आपल्या बाजूची, दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं माहेर. वास नाही, म्हणून अबोली. पण रंग असा की मराठीत रंगालाच तिचं नाव मिळालं. साडीच्या दुकानात 'अबोली रंग दाखवा' म्हटलं की दुकानदार चुकत नाही. कोकणात आणि गोव्यात तिच्या वेणीवाचून सण होत नाही. घाटावर ती उन्हानं करपते, म्हणून वाड्यात भिंतीच्या आडोशाला लावत. सकाळचं कोवळं ऊन तिला पुरतं. दुपारचं नको. माती भुसभुशीत हवी, पाणी साचता कामा नये. फुलांचा दांडा सुकला की कापून टाकावा, नवा फुटतो. तीन-चार वर्षांनी झाड थकतं, तेव्हा आधीच फांद्या लावून ठेवाव्यात. तिच्या मुळांना सूक्ष्म कृमींचा त्रास होतो. जवळपास झेंडू लावला तर तो कमी होतो. आणि तिच्या बियांची एक गंमत आहे. वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते चट्‌कन फुटतं आणि बी लांब उडतं. लहानपणी आम्ही ती बोंडं जिभेवर ठेवून पैजा लावायचो. बोलत नाही म्हणतात, पण पाऊस आला की अबोलीही बोलते.

दुसरा सोनटक्का. हा पूर्व हिमालयाकडचा. आल्या-हळदीच्या घराण्यातला, म्हणून जमिनीखाली गड्डे असतात. पावसाळा सरत आला की पांढऱ्या फुलपाखरासारखी फुलं येतात आणि संध्याकाळी परसभर वास भरतो. रात्रीच्या पतंगांना बोलावण्यासाठी तो वास आहे. फूल एका दिवसाचंच, पण एका दांड्यावर रोज नवं. हा सोनटक्का माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेला आणि क्युबा देशाचं राष्ट्रीय फूल झाला. तिथं त्याला 'फुलपाखरू' याच अर्थाचं नाव आहे. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात क्युबातल्या बायका केसांत माळलेल्या या फुलांत चिठ्ठ्या लपवून नेत, असं तिथं सांगतात. आपल्या परसातलं फूल तिकडे देशाची खूण झालं. हवाई बेटांवर मात्र तो रानात घुसून स्थानिक झाडांना त्रास देतो. तेच झाड, एका बेटावर मानाचं आणि दुसऱ्या बेटावर नकोसं.

सोनटक्क्याला कडक उन्हात पानांच्या कडा करपतात, म्हणून अर्धी सावली आणि भरपूर ओल द्यावी. एक दांडा एकदाच फुलतो. फुलून झाला की तो जमिनीलगत कापावा, म्हणजे बाजूच्या कोंबांना जागा मिळते. तीन वर्षांनी गड्डे एकमेकांत अडकून बसतात आणि फुलं कमी होतात. मेच्या अखेरीस, मृगाच्या आधी, ते खणून काढावेत. दोन-तीन डोळे असलेला तुकडा फार खोल न पुरता बोटभर मातीखाली लावावा. आणि उरलेले तुकडे फेकू नयेत, शेजारी द्यावेत. हे शेवटचं वाक्य मी उगाच बोलत नाही, पुढे त्याच्याकडे येणार आहे.

तिसरी गुलबक्षी. 'गुल-ए-अब्बास' वरून गुलबास आणि गुलबक्षी. नाव ऐकून वाटतं, ही इराणातून आली असेल. मुळात ती अमेरिका खंडातली. इंग्रज तिला 'पेरू देशाचं आश्चर्य' म्हणत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी सोळाव्या शतकापासून अमेरिकेतली झाडं जगभर नेली. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ ही त्यांतलीच. गुलबक्षीही त्या वाटेनं निघाली, वाटेत फारसी नाव घेतलं आणि मराठी अंगणात येऊन बसली. दुपारी चारच्या सुमाराला उमलते, म्हणून घड्याळ नसलेल्या घरात असरच्या नमाजाची वेळ झाली हे आमच्या दादीला गुलबक्षी सांगायची. शेजारच्या वाड्यात त्याच वेळी चहाचं आधण पडायचं. मुली तिच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून सुईदोऱ्याशिवाय वेणी करायच्या.

एकाच झाडावर पांढरी, गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांची फुलं येतात. हे कसं होतं याचं कुतूहल शास्त्रज्ञांनाही होतं. कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये गुलबक्षीच्याच पानांवरच्या हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांचा अभ्यास करून दाखवलं, की काही गुण फक्त आईकडूनच उतरतात, बापाकडून नाही. आनुवंशिकतेच्या शास्त्रात तो मोठा शोध ठरला. गुलबक्षीला पूर्ण सावली नको. अर्धा दिवस ऊन मिळालं तर बरं, पण झाडाखालीही ती तग धरते. जमिनीत रताळ्यासारखं मूळ असतं, ते वर्षानुवर्षं राहतं. वरचं झाड वाळलं तर घाबरू नये. तिचं काळं बी मिऱ्यासारखं दिसतं पण विषारी असतं, मुलांच्या तोंडात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

कर्दळ तर प्रत्येक मोरीची राखणदार. तिचं शास्त्रीय नाव कॅना इंडिका. 'इंडिका' म्हणजे हिंदुस्थानातली. पण तीसुद्धा अमेरिकेतली. त्या काळी युरोपात अमेरिकेजवळच्या बेटांनाही 'इंडीज' म्हणत. त्या घोळात नाव पडलं आणि चिकटलं. बंदुकीच्या छऱ्यासारख्या तिच्या कडक काळ्या बिया माळेत ओवतात. पूजेच्या ताटात तिचं फूल असतं, प्रसादाला तिचं पान असतं. कागदपत्रं तपासायला बसलं तर परदेशी आणि दारात बघितलं तर घरची.

या फुलांची नोंद युरोपीय लोक कधीपासून करू लागले, हेही थोडं सांगतो, कारण त्यात आपला मुलूख येतो. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा चांगला स्नेह होता, आणि त्याच्या दरबारी तो जायचा. तेव्हा नाशिकचा भाग निजामशाहीतच होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधी झाडांची माहिती संवादांच्या रूपात आहे. आपला पारिजातक त्यात 'उदास झाड' या नावानं आला आहे. रात्री फुलायचं आणि पहाटे सगळी फुलं टाकून द्यायची, म्हणून उदास. पुढे लिनिअसनं १७५३ मध्ये पारिजातकाला शास्त्रीय नाव दिलं, त्यातही ती उदासी ठेवली. आपल्याकडे मात्र पहाटे खाली पडलेला तो सडा बघून कुणी उदास होत नाही, परडी घेऊन धावतं.

माझं सगळ्यात लाडकं फूल मी मागे ठेवलं होतं. भुईचाफा. हा झाडावरचा चाफा नव्हे. हाही हळदीच्याच घराण्यातला. लिनिअसनं त्याच्या वंशाला केम्फेरिया हे नाव दिलं ते एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्यावरून. हा केम्फर १६८४ मध्ये इराणच्या इस्फहानला पोचला, पुढे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून जपानपर्यंत गेला आणि जाईल तिथली झाडं कागदावर उतरवत राहिला. गुलशनांच्या मुलखातून आलेल्या माणसाचं नाव आपल्या भुईतल्या फुलाला मिळालं.

भुईचाफ्याची तऱ्हा अशी. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडतात आणि जातात. पुढचे चार-पाच महिने तिथं काहीही दिसत नाही. नुसती माती. आणि मग एप्रिल-मेमध्ये, वळवाचा शिडकावा झाला की, कोरड्या भुईतून पान नाही, देठ नाही, एकदम फूल वर येतं. पांढरं आणि जांभळट, मंद वासाचं. प्रत्येक फूल एका दिवसाचं, पण आठ-पंधरा दिवस नवीन येत राहतात. फुलं झाल्यावर पानं येतात, त्यांची खालची बाजू जांभळी असते. झाडाखालची सावली, पाचोळ्याचं खत आणि पावसाळ्यात पाणी, एवढंच त्याला लागतं. हिवाळ्यात पाणी घालू नये, कंद कुजतो. आणि त्याला सगळ्यात मोठं भय विसरण्याचं. जागा दिसत नाही म्हणून माणूस तिथं खणतो, काहीतरी दुसरं लावतो, बांधतो. म्हणून जुनी माणसं त्या जागेवर एक गोटा ठेवायची.

आमच्या अंगणात असा एक गोटा होता. अम्मीनं ठेवलेला. मला आठवतं तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिथं फुलं यायची. शेजारच्या वाड्यातल्या काकूंना ती आवडायची. त्या अम्मीला भाभी म्हणत, अम्मी त्यांना वहिनी म्हणायची. एका वर्षी काकूंनी सोनटक्क्याचे गड्डे दिले, अम्मीनं भुईचाफ्याचे कंद दिले. काकूंनी हिवाळ्यात येऊन तक्रार केली, "भाभी, तुमचा चाफा मेला वाटतं." अम्मी हसली आणि म्हणाली, "मिट्टी में है वहिनी, सो रहा है." ते वाक्य पुढे दोन्ही घरांत म्हणीसारखं झालं. सुट्टीच्या दिवशी मी उशिरापर्यंत अंथरुणात दिसलो की काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "काय, मिट्टी में आहे का अजून?"

१९९८ साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पाहुणे यायचे होते, मांडव घालायचा होता, चिखल नको होता. शिवाय मला स्कूटर ठेवायला जागा हवी होती. मी अंगणात फरशी टाकून घेतली. हिवाळा होता. गोटा गवंड्यानं उचलून बाजूला ठेवला, मी बघितलं, आणि मला काही सुचलं नाही. भुई तर मोकळीच दिसत होती. अम्मी त्या दिवशी दालानात बसून होती. ती काही बोलली नाही. एप्रिल आला तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. तेव्हाही ती काही बोलली नाही. मी कविता लिहितो, शब्दांचा धंदा करतो, पण त्या उन्हाळ्यात तिच्यासमोर मला एक वाक्य जुळवता आलं नाही.

त्या वर्षांत नुसतं माझंच अंगण गेलं असं नाही. गावभर हेच चाललं होतं. वाडे मोडकळीला आले होते. भाऊ-भाऊ वाटण्या करत होते. चौकात पत्रे पडले, परसात संडास बांधले, अंगणात फरशी आली. मग वाडे पाडून इमारती झाल्या. लोकांना दोष कसा द्यायचा? पावसाळ्यात भिंत अंगावर पडण्यापेक्षा फ्लॅट बरा. पण जे गेलं त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. देवळं, दर्गे, घाट यांची नोंद होते. परसातल्या सोनटक्क्याची नोंद कोण ठेवणार? ही झाडं नर्सरीतून विकत आणलेली नव्हती. ती एका हातातून दुसऱ्या हातात आलेली होती. हात सुटले की साखळी तुटते.

फ्लॅटमध्ये आता कुंड्या आल्या. कुंडीत लावायची बरीच परदेशी शोभेची झाडं आपल्याकडे येऊ शकली ती एका काचेच्या पेटीमुळे. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरच्या लक्षात आलं, की बंद काचेच्या भांड्यात झाड आपलीच ओल पुन्हा वापरतं आणि महिनोन्‌महिने जगतं. १८३३ मध्ये त्यानं अशा पेट्यांतून नेचे आणि गवतं लंडनहून सिडनीला जहाजानं पाठवली आणि ती जिवंत पोचली. त्याआधी खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपं वाटेतच मरत. या पेट्यांमुळे सावलीतली नाजूक झाडं जगभर फिरू लागली. साहेबांच्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत नेचे, क्रोटन, बेगोनिया यांच्या रांगा लागल्या. तिथून सरकारी बागा आणि मग आपल्या गॅलऱ्या.

आणि ब्रह्मकमळ! दर पावसाळ्यात नाशिकच्या एखाद्या घरी ते फुलतं, शेजारीपाजारी रात्री जमतात, फोटो काढतात, काही जण हात जोडतात. खरं तर हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या जातीचं झाड. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, ते उत्तराखंडाचं राज्यपुष्प आहे आणि आपल्या हवेत येत नाही. पण म्हणून त्या हात जोडणाऱ्यांना मी हसत नाही. रात्री नऊला उमलायला लागून मध्यरात्री पूर्ण फुलणारं आणि पहाटे मान टाकणारं ते पांढरं फूल बघायला चार घरं एकत्र येतात, हे काय कमी आहे? गॅलरीतल्या सावलीसाठी ते उत्तम झाड. पानासारखा दिसणारा तुकडा दोन-तीन दिवस सुकू द्यावा आणि वाळूमिश्रित मातीत खोचावा. पाणी बेतानं.

सावलीतल्या कुंडीला पाणी उन्हातल्या कुंडीपेक्षा कमी लागतं, हे लोक विसरतात आणि मुळं कुजवतात. बोट मातीत घालून बघावं, वरची पेरभर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं. कुंडीच्या तळाला भोक हवं, त्यावर खापरीचा तुकडा हवा. माती, कुजलेलं शेणखत आणि पानांचा कुजलेला पाचोळा सारख्या भागांत, थोडी वाळू. खत थोडं थोडं. पांढऱ्या भिंतीचा उजेड झाडाला उपयोगी पडतो, म्हणून कुंडी भिंतीच्या समोर ठेवून बघावी. अबोली, ब्रह्मकमळ आणि मोठ्या कुंडीत सोनटक्का, एवढं केलं तरी सात मजली सावलीत वर्षभर काही ना काही फुलत राहील.

आता राहिलेली गोष्ट. अम्मी गेली. काकूंचा वाडाही पुढे पाडला गेला, तिथं इमारत उभी राहिली. काकू मुलाकडे गंगापूर रोडला राहायला गेल्या. येणं-जाणं कमी झालं, ईद-दिवाळीला फोन तेवढा राहिला. एका एप्रिलमध्ये त्यांच्या नातवाचा फोन आला. म्हणाला, "काका, आजी म्हणते, भाभींचा चाफा उगवलाय. येऊन घेऊन जा."

मी गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, तेलाच्या जुन्या डब्यात, तीन फुलं होती. वाडा सोडताना काकूंनी देवघर नेलं, पाटा-वरवंटा नेला आणि परसातली डबाभर माती नेली होती. घरचे म्हणाले, या डब्यात तर काहीच नाही. काकूंनी उत्तर दिलं होतं, "मिट्टी में है."

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी अंगणातल्या चार फरश्या काढल्या. जिथं गोटा होता तिथल्याच. खालची माती दगडासारखी झाली होती. ती खणली, शेणखत आणि पाचोळा घातला, आणि काकूंनी दिलेले कंद लावले. पहिली दोन वर्षं नुसती पानं आली. तिसऱ्या उन्हाळ्यात फूल आलं. काकूंना फोन केला तेव्हा त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, नातवानं मोठ्यानं सांगितलं. स्कूटर आता गल्लीत उभी असते.

आपलं विख्यात कवी कुसुमाग्रज हे नाव मुळात कुसुम नावाच्या बहिणीचा थोरला भाऊ एवढ्याच अर्थाचं आहे. नाशिकच्या सगळ्यात मोठ्या कवीनं स्वतःची ओळख सांगताना फुलाशी नातं लावलं. गुलशनाबाद या नावाचाही मला तेवढाच अर्थ पुरतो. पारिजातक इथला, सोनटक्का हिमालयातला, गुलबक्षी आणि कर्दळ सातासमुद्रापलीकडच्या, बाग हा शब्द फारसी आणि माळी हा शब्द संस्कृतातून आलेला. यातलं उपरं कोण हे ठरवायला बसलो तर अंगणात फरशीच उरेल.

तेव्हा कुणी विचारलं, 'आमच्याकडे ऊन नाही, काय लावावं?' तर माझं उत्तर असं. मृगाच्या आधी एखाद्या जुन्या घरी जा. परसात म्हातारं माणूस भेटलं तर विचारा, गड्डा आहे का म्हणून. मिळाला तर लावा. आणि तो वाढला की अर्धा दुसऱ्याला द्या. आपल्याकडचा मेला, तर मागायला एक दार असावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)